फाईल खंय आसा?

फेब्रुवारी २००७. मालवण तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीचं प्रॅक्टिकल चालू होतं. बायफोकल कॉम्प्युटर सायन्स, दोनशे मार्कांचा विषय. एका बाजूला ८०८५ मायक्रोप्रोसेसरची किटं, दुसऱ्या बाजूला टर्बो सी++ उघडून ठेवलेली मशिनं. लोडशेडिंगचे दिवस, त्यामुळे परीक्षेची वेळ लाईटच्या वेळेशी जुळवलेली. माझ्या चिठ्ठीत आलेला प्रोग्राम मला पाठ होता. टाईप केला, ऑल्ट आणि एफ-नाईन दाबलं. निळ्या पडद्यावर खिडकी उघडली: ‘अनेबल टू ओपन इन्क्लूड फाईल आयओस्ट्रीम डॉट एच’.

स्पेलिंग तीनदा तपासलं. बरोबर होतं. प्रोग्राम पुसून पुन्हा टाईप केला. तीच एरर. पंधरा मिनिटं गेली, हाताला घाम सुटला. शेवटी लॅब सांभाळणारे दादा मागून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “फाईल खंय आसा तां सांग तेका.” मग त्यांनी वरच्या पट्टीतलं ‘ऑप्शन्स’ उघडलं, त्यातलं ‘डिरेक्टरीज’, आणि पहिल्या रकान्यातलं एक अक्षर बदललं. सीच्या जागी डी. प्रोग्राम चालला.

झालं होतं असं, की दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी ती मशिनं फॉरमॅट केली होती आणि टर्बो सीचा फोल्डर सीडीवरून डी ड्राइव्हवर टाकला होता. सेटिंग मात्र जुन्या घराचा पत्ता सांगत होतं. पलीकडच्या मशिनवर माझ्या वर्गातल्या एका मुलीला तीच एरर आली होती. तिनं कुणाला विचारलं नाही. परीक्षेत विचारायचं नसतं, असं ती मानून चालली होती. तिनं पुढे कॉम्प्युटर घेतला नाही. एका अक्षरामुळे एक इंजिनिअर कमी झाली असं म्हणणं जरा नाटकी होईल. घरचीही कारणं होती. पण “माझ्याकडून ते कधी चाललंच नाही” हे वाक्य तिच्या तोंडून मी पुढे बऱ्याचदा ऐकलं आहे. ते ऐकताना मला दर वेळी वाटतं की चाललं नव्हतं ते मशीन, आणि त्यातही एक रकाना.

त्या रकान्याचा इतिहास मला खूप उशिरा कळला. तो इथे सांगतो.

सी भाषा बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची घडवत होते तो काळ १९७२-७३चा. सुरुवातीला भाषेत ‘इन्क्लूड’ नव्हतं. ते आलं वेगळ्या पायरीच्या रूपात. कंपायलर कामाला लागण्याआधी प्रीप्रोसेसर नावाचा एक साधा कारकून प्रोग्राम वाचून काढतो, आणि ‘इन्क्लूड’ लिहिलेलं दिसलं की त्या नावाची फाईल आणून जशीच्या तशी तिथे चिकटवतो. बस, एवढंच. रिचींनी नंतर लिहून ठेवलं आहे की हे काही अंशी अ‍ॅलन स्नायडर यांच्या आग्रहामुळे झालं, आणि बीसीपीएल व पीएल/वन या आधीच्या भाषांमध्ये अशी सोय होती, तिचा उपयोग दिसत होता, म्हणूनही झालं. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी तो प्रीप्रोसेसर वाढवला.

चिकटवायचं खरं, पण फाईल शोधायची कुठे? १९७९मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्या माहितीपुस्तिकेत याचं उत्तर क्रमानं दिलेलं आहे. आधी प्रोग्राम ज्या फोल्डरात आहे तिथे. मग वापरणाऱ्यानं उणे-चिन्ह आणि मोठा ‘आय’ लिहून जे फोल्डर सांगितले असतील त्यांत. मग ठरलेल्या सरकारी जागांमध्ये. अवतरणचिन्हांत नाव लिहिलं तर घरापासून सुरुवात. कोनी कंसात लिहिलं तर घर वगळून बाहेर. मालवणात एखाद्या वाडीत जाऊन “परबांचं घर कुठे?” असं विचारून बघा. आधी ‘इथलेच परब’ सांगितले जातील, मग धुरीवाड्यातले, मग मेढ्यातले. शोधाचा क्रम असाच असतो, आणि पहिले जे सापडतील ते बरोबर धरले जातात. ते खरंच तुम्हाला हवे असलेले परब होते का, हे वाडी बघत नाही. कंपायलरही बघत नाही.

हा ‘उणे मोठा आय’ लक्षात ठेवा. तो आपल्याला परत भेटणार आहे.

आता जरा खानावळीत जाऊ. बाहेर फळा असतो: बांगडा थाळी, सुरमई थाळी, तिसऱ्यांचं सुकं. आत स्वयंपाकघर असतं. सी भाषेतली ‘हेडर’ फाईल म्हणजे बाहेरचा फळा: काय मिळेल आणि ते मागायचं कसं, एवढंच तिच्यात असतं. ‘लायब्ररी’ म्हणजे आतलं स्वयंपाकघर, जिथे काम आधीच शिजवून, म्हणजे कंपाइल करून ठेवलेलं असतं. फळाच दिसला नाही तर एक एरर येते. ती मला परीक्षेत आली. फळा दिसला, ऑर्डर दिली, पण स्वयंपाकघराला कुलूप, तर दुसरी येते: ‘लिंकर एरर’. टर्बो सीमध्ये वर्तुळ काढायला गेलेल्या प्रत्येकाला ती भेटली आहे. ग्राफिक्स डॉट एच सापडायची, कंपाइल व्हायचं, आणि मग ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’. उपाय पुन्हा एका मेनूत: ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज, आणि ‘ग्राफिक्स लायब्ररी’समोर फुली. फुली मारली तरी चालवताना बीजीआय फोल्डरचा पत्ता प्रोग्राममध्ये द्यावा लागे, तोही दोन-दोन तिरप्या रेघांनी. दोन ठिकाणी दोन पत्ते आणि एक फुली, तेव्हा कुठे एक वर्तुळ.

टर्बो सी हे बोरलँड कंपनीचं उत्पादन. पहिली आवृत्ती १९८७ची, आणि आपल्या लॅबमध्ये ठाण मांडून बसलेली टर्बो सी++ ३.० ही १९९१ची. तिचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. त्या काळच्या लहानशा मशिनवर लिहिणं, कंपाइल करणं आणि चूक दाखवणं हे सगळं एकाच खिडकीत देणं ही मोठी गोष्ट होती. त्यात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ देशभरातल्या हॉस्टेलांमध्ये पोचलं. (आधीच्या पिढीला कानेटकर म्हटलं की ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आठवतं, आमच्या पिढीला पॉइंटर.) अभ्यासक्रम, पुस्तक आणि निळा पडदा यांची अशी गट्टी जमली की टर्बो सी म्हणजेच सी, असं आम्ही धरून चाललो. क्लिअर-स्क्रीन करणारं ‘सीएलआरएससीआर’ आणि शेवटी पडदा थांबवणारं ‘गेटसीएच’ हे भाषेचे भाग नसून डॉसवरच्या कंपायलरांची खास सोय आहे, हे मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कळलं. तेही अपमान होऊन.

त्या निळ्या खिडकीनं आमच्यापासून काय लपवलं, ते मला एका रिकाम्या दुपारी दिसलं. टर्बो सीच्या बिन फोल्डरात ‘टर्बोसी डॉट सीएफजी’ नावाची एक छोटीशी फाईल असते. उघडली. दोन ओळी. पहिली: उणे, मोठा आय, सी:\टीसी\इन्क्लूड. दुसरी: उणे, मोठा एल, सी:\टीसी\लिब. म्हणजे १९७९च्या युनिक्समधलाच तो ‘उणे मोठा आय’, एका डायलॉग बॉक्सचा अंगरखा घालून बसलेला. दादांनी परीक्षेत जे बदललं ते हेच. आम्हाला दोन वर्षं ‘अल्गोरिदम लिहा, फ्लोचार्ट काढा’ शिकवलं गेलं. कंपायलर फाईल कुठे शोधतो, हे मात्र अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं. ज्याला लॅबमधल्या दादांशी बोलता येई त्याला ते कळे, बाकीच्यांना नाही.

१९९८ हे साल मला या गोष्टीत विशेष वाटतं. त्या वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला. मालवणला स्टेशन आलं नाही, पण कुडाळपर्यंत एसटी आणि पुढे गाडी, अशी मुंबई एका रात्रीवर आली. आणि त्याच वर्षी सी++चं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झालं. त्यानं ‘आयओस्ट्रीम’च्या मागचं ‘डॉट एच’ काढून टाकलं आणि प्रमाण लायब्ररीतली सगळी नावं ‘एसटीडी’ नावाच्या नेमस्पेसमध्ये नेली. गाडी आमच्यापर्यंत लगेच पोचली. हे प्रमाण पोचायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागली. मी २००७मध्ये परीक्षेत लिहिलेला प्रोग्राम नऊ वर्षांपूर्वीच कालबाह्य झालेल्या बोलीतला होता. पुण्यात पहिल्या वर्षी लिनक्सच्या मशिनवर तोच टाईप केला, तर पुन्हा तीच तक्रार: अशी फाईल नाही. या वेळी पत्ता बरोबर होता, माणसाचं नावच बदललेलं.

आणि तिथेच मला पहिल्यांदा अशी लायब्ररी भेटली जिला स्वयंपाकघरच नव्हतं.

तिच्या मागची हकीकत अशी. सी++मध्ये टेम्प्लेट नावाची सोय आली. टेम्प्लेट म्हणजे शिजवलेला पदार्थ नव्हे, कृती. ‘दोन वस्तूंतली मोठी निवड’ एवढंच लिहायचं. वस्तू पूर्णांक आहेत की नावं, हे वापरणारा ठरवेल. आता, वापरणाऱ्यानं मासा कुठला आणला हे कळल्याशिवाय कालवण आधी करून ठेवता येत नाही. म्हणून कंपायलरला संपूर्ण कृती वापराच्या जागी दिसावी लागते, आणि वापराच्या जागी दिसते ती फक्त हेडर. अलेक्झांडर स्टेपानव आणि मेंग ली यांनी एचपी कंपनीत बांधलेली ‘स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी’ नोव्हेंबर १९९३मध्ये प्रमाण समितीपुढे मांडली गेली, जुलै १९९४मध्ये मंजूर झाली, आणि पुढच्याच महिन्यात एचपीनं ती इंटरनेटवर मोफत ठेवली. तिचा जवळजवळ सगळा जीव हेडरमध्येच होता. १९९८च्या प्रमाणात टेम्प्लेटची कृती वेगळ्या फाईलमध्ये ठेवता यावी म्हणून ‘एक्सपोर्ट’ नावाचा एक शब्दही घातला होता. तो कंपायलरमध्ये बसवणं इतकं अवघड निघालं की फार थोड्यांनी तो बसवला, आणि २०११च्या प्रमाणातून तो काढून टाकला. म्हणजे सगळं हेडरमध्ये ठेवणं हा आधी नाइलाज होता. पद्धत ती नंतर झाली.

ती पद्धत होण्याचं दुसरं कारण जास्त व्यावहारिक आहे. शिजवून ठेवलेली लायब्ररी एका कंपायलरचीच असते. बोरलँडची लायब्ररी मायक्रोसॉफ्टच्या लिंकरला पचत नसे. दोघांच्या फायलींचे साचेच वेगळे. सी++मध्ये तर फंक्शनांची नावं आतल्या आत कशी लिहायची, यावरही कंपायलरांचं एकमत नाही. मग लायब्ररी लिहिणाऱ्यानं प्रत्येक मशीन, प्रत्येक कंपायलर, प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी गाठोडी बांधायची. त्यापेक्षा कच्चा माल आणि कृती दिली की प्रत्येक जण आपल्या चुलीवर शिजवेल. १९९८मध्ये सुरू झालेल्या बूस्ट प्रकल्पातल्या बहुतेक लायब्रऱ्या अशाच आहेत. मॅट्रिक्सचं गणित करणारी आयगेन अशीच. आज मशीन लर्निंगचं टेन्सरफ्लो तिच्यावर उभं आहे. शॉन बॅरेट यांच्या एसटीबी नावानं सुरू होणाऱ्या फायली तर एका कामाला एक, आणि सार्वजनिक मालकीच्या.

अशा लायब्ररीसाठी कंपायलरची सेटिंग किती? खरं म्हणजे एक. उणे मोठा आय, आणि फोल्डरचा पत्ता. लिंकरला काही सांगायचं नाही, फुल्या मारायच्या नाहीत. तरीही लोक इथे अडखळतात, मीही अडखळलो. आयगेन उतरवून घेतली की एक फोल्डर मिळतो, आणि त्याच्या आत ‘आयगेन’ नावाचाच आणखी एक. प्रोग्राममध्ये लिहायचं असतं ‘आयगेन/डेन्स’. मी पत्ता दिला आतल्या फोल्डरचा. कंपायलर त्या आतल्या फोल्डरात ‘आयगेन’ नावाचा फोल्डर शोधत बसला आणि अर्थातच मिळाला नाही. पत्ता द्यायचा असतो बाहेरच्याचा. पाकिटावर घराचं नाव आधीच लिहिलेलं असेल तर पोस्टमनला वाडी सांगायची, घराचा उंबरठा नव्हे. या एका चुकीत माझी अख्खी संध्याकाळ गेली होती, आणि त्या संध्याकाळी मला परीक्षेतले दादा आठवले.

दुसरी अडचण भाषेच्या आवृत्तीची. जेसन वाचणारी नील्स लोमान यांची लायब्ररी एका फाईलमध्ये मिळते, वीस हजारांहून जास्त ओळींची, पण तिला सी++ची २०११ची किंवा नंतरची आवृत्ती लागते. जुना कंपायलर आपणहून जुनी बोली धरून चालतो, म्हणून त्याला ‘एसटीडी’च्या पर्यायात साल सांगावं लागतं. नाही सांगितलं तर हेडर सापडते आणि मग त्या वीस हजार ओळींमधून शेकडो चुका तुमच्या अंगावर येतात, एकही तुमची नसते. एसटीबीचं आणखी वेगळं: तिथे तुमच्या प्रकल्पातल्या एकाच फाईलमध्ये, हेडर घेण्याआधी, ‘इम्प्लिमेंटेशन’ असं एक नाव डिफाइन करावं लागतं. कुठेच केलं नाही तर कुलूपबंद स्वयंपाकघराची ती जुनी लिंकर एरर. दोन ठिकाणी केलं तर एकच पदार्थ दोघांनी वाढल्याची.

फुकट मात्र काहीच नाही. वाटण घरी करायचं तर वेळ जातो. हेडर जितक्या फायलींमध्ये घ्याल तितक्या वेळा कंपायलर ते सगळं पहिल्यापासून वाटतो. टेस्टिंगसाठी लोकप्रिय झालेली कॅच ही लायब्ररी ‘एकच हेडर’ म्हणून नावाजली गेली, आणि २०२२मध्ये तिसऱ्या आवृत्तीत तिनंच ती वाट सोडून नेहमीच्या, कंपाइल करून ठेवायच्या लायब्ररीची वाट धरली. कारण वेळ. स्पर्धात्मक कोडिंग करणारी मुलं जीसीसीची ‘बिट्स’ फोल्डरातली एक हेडर घेतात, जिच्यात सगळी प्रमाण लायब्ररी एका ओळीत येते. सोय मोठी आहे, पण ती फाईल प्रमाणाचा भाग नाही. मॅकवरच्या क्लँगकडे गेलात की ‘फाईल नाही’. आमच्या ‘सीएलआरएससीआर’चाच नवा अवतार म्हणा. एका कंपायलरची सवय म्हणजे भाषा, ही समजूत काही टर्बो सीबरोबर गेली नाही.

टर्बो सी तरी कुठे गेली? चौसष्ट बिटांचं विंडोज सोळा बिटांचे प्रोग्राम चालवत नाही, तेव्हा तिनं सहज निवृत्त व्हायला हवं होतं. आपण तिच्यासाठी डॉसबॉक्स नावाचा, जुन्या खेळांसाठी बनवलेला एम्युलेटर शोधून काढला आणि तिला त्यात बसवलं. उलट बाजूला, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं जीसीसी वापरून सी आणि सी++ शिकवणारे छोटे व्हिडिओ केले, ते मराठीतही आहेत. बारावीत असताना मला ते मिळाले असते, तर कंपायलर म्हणजे निळा पडदा नव्हे एवढं तरी तेव्हाच कळलं असतं.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. भाचा अकरावीत आहे. लॅपटॉप नाही, फोन आहे, त्यावर टर्मक्स आणि त्यात क्लँग. तारकर्लीला घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात, त्यांच्या बुकिंगची यादी जेसनमध्ये ठेवून वाचणारा प्रोग्राम तो लिहीत होता. मोठी लायब्ररी फोनवर बांधत बसायची तर जागाही नव्हती आणि रेंजही. पण एक हेडर फाईल? ती मित्राच्या फोनवरून दोन मिनिटांत आली होती. मला याचंच अप्रूप वाटलं. बूस्ट किंवा आयगेन लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वायरीच्या ओटीवर बसलेला मुलगा नसणार, पण त्यांच्या त्या पद्धतीचा फायदा सगळ्यात जास्त त्याला होता.

फक्त चालत नव्हतं. “मामा, मी चार वेळा डाउनलोड केलंय. फाईल दिसता हा, तरी म्हणता नाय आसा.” मी फोन हातात घेतला. फाईल आली होती डाउनलोडच्या फोल्डरात, आणि परवानगी दिल्याशिवाय टर्मक्सला तो फोल्डर दिसतच नाही. त्यातून चार वेळा डाउनलोड केल्यामुळे नावापुढे कंसात एक, दोन, तीन लागले होते. आणि प्रोग्राममध्ये त्यानं लिहिलं होतं ‘नीलोमान/जेसन’, पण त्या नावाचा फोल्डर कुठेच नव्हता, फाईल मोकळीच होती.

“कंपायलराक तुझो डाउनलोड फोल्डर म्हायत नाय,” मी म्हटलं. “तू सांग तेका.”

त्यानं आधी परवानगी दिली. मग घरच्या फोल्डरात ‘इन्क्लूड’ केला, त्यात लायब्ररीच्या नावाचा फोल्डर, त्यात फाईल. कमांडमध्ये उणे मोठा आय लिहून थांबला.

“आतल्या फोल्डराचो पत्तो की भायल्या?”

मी काही बोललो नाही. त्यानं मनाशी वाचलं, आतला लिहिला, खोडला, बाहेरचा लिहिला. फोन काही वेळ नुसता विचार करत बसला, पाठ गरम झाली. मग एक नवीन एरर आली. ही त्याच्याच प्रोग्राममधली होती: सत्ताविसाव्या ओळीत अर्धविराम राहिला होता.